तुटलेल्या जहाजाचं होकायंत्र

बिबवेवाडीत हातगाडीवर मी धंदा सुरू केला. आज वारजेला माझं स्वतःचं गोदाम आहे. जुनी जहाजं तोडतात तिथून पितळी कंदील, गोल खिडक्या, सुकाणूची चाकं आणून विकतो. हॉटेलवाले घेतात, बंगलेवाले घेतात. भाव करताना शेठ म्हणतात आणि पाठ वळली की भंगारवाला. हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता पाठ वळवतानाच कान तयार असतात.

म्हणून कोथरूडच्या जहाजविद्येच्या संस्थेतून फोन आला तेव्हा मी फार खूश झालो. त्यांना मुलांना शिकवायला खरं होकायंत्र हवं होतं. माझा माल पहिल्यांदाच कोणी दिवाणखान्यात मिरवायला नव्हे, कामाला लावायला मागत होतं.

त्यासाठी मी गुजरातच्या किनाऱ्यावर गेलो. तिथल्या व्यापाऱ्याकडे मालवाहू जहाजाचं होकायंत्र होतं. कमरेच्या वर येईल असा लाकडी खांब, त्यात द्रवावर तरंगणारी तबकडी, दोन्ही बाजूंना नारळाएवढे लोखंडी गोळे. भाव ठरत आला तसा तो म्हणाला, खांबातल्या सळ्या आणि हे गोळे मी काढून घेतो, थोडं कमी द्या. मी अशा लोकांना ओळखून आहे. चांगलं तेवढं काढून घ्यायचं आणि खोकं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं. मी उठून बसस्टँडची वाट धरली. त्यानेच मागून माणूस पाठवला. शेवटी एक स्क्रूसुद्धा काढायचा नाही या बोलीवर माल उचलला आणि वाटेत स्वतःच्या पैशाने चहा प्यायलो, एवढा आनंद झाला होता.

संस्थेत ते उभं केलं. तबकडी डोलली, स्थिरावली आणि उत्तर म्हणून भलतीच दिशा दाखवू लागली. संस्थेचं मुख्य दार उत्तरेला आहे. सेक्रेटरींनी मोबाइल काढून खात्री केली.

"अहो, हे तर आमच्या संडासाकडे बोट दाखवतंय."

"ज्याला जिथे जायची घाई," मी म्हणालो. तोंड आवरत नाही, हा माझा जुना आजार आहे.

ते शांतपणे म्हणाले, "शोभेला ठीक आहे. त्या हिशेबाने भाव सांगा."

मग मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज ऐकून तिथे शिकवणारे निवृत्त कप्तान खाली आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खांबाचं छोटं दार उघडलं आणि आत हात घातला. बोटाएवढ्या जाडीच्या सळ्या निघत गेल्या. सगळी लोहचुंबकं.

"जहाज पडलं लोखंडाचं," ते म्हणाले, "ते तबकडीला एका बाजूला ओढतं. म्हणून हे आत लावून तिला तेवढंच उलट ओढायचं. प्रत्येक जहाजाचं माप वेगळं, चष्म्याच्या नंबरासारखं. जहाज गेलं तुटून आणि तुम्ही त्याचा चष्मा घेऊन आलात."

सळ्या आणि गोळे त्यांनी पार खोलीबाहेर ठेवायला लावले. तबकडी हळूहळू फिरली आणि बरोबर मुख्य दारावर येऊन थांबली. मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते मोबाइलकडे पाहत होते.

त्या व्यापाऱ्याने मला फसवलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. पण मग त्याने तोंड उघडून कारण सांगायला काय हरकत होती? म्हणेल, तुम्ही विचारलं नाहीत! सौदा करताना कोण विचारतं?

सेक्रेटरी तरी भावावरून हटेनात. दोन गोळे कमी झाले ना, म्हणाले. तेव्हा मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांच्याच भावात दिलं. अट एकच, होकायंत्र वर्गात राहील आणि मुलं त्याला हात लावतील. बिलावर मी स्वतः लिहिलं, 'होकायंत्र, चालू स्थितीत'. ते बरं म्हणाले.

दसऱ्यानंतर कोथरूडला काम निघालं म्हणून डोकावलो. गेटवरचा रखवालदार म्हणाला, "भंगार मागच्या गेटला हाय." त्याला बाजूला सारून आत गेलो. होकायंत्र प्रवेशाच्या दालनात, लिफ्टला अगदी खेटून ठेवलेलं. वर सुकलेला झेंडूचा हार, भोवती दोरी आणि 'हात लावू नये'ची पाटी. लिफ्टच्या लोखंडाने तबकडी पुन्हा भलतीकडे ओढलेली. समोरून मुलं मोबाइल बघत वर्गात चालली होती.

मी सेक्रेटरींच्या खोलीत गेलो. ठरलं काय होतं, विचारलं. वर्गात जागा नाही म्हणाले, आणि पाहुण्यांना ते फार आवडतं. मी म्हटलं, मग मला परत द्या, घेतलेत त्याच भावात.

"त्याच भावात कसं देणार?" ते म्हणाले. "शोभेच्या वस्तूला मागणी असते हो. तुम्हाला तर माहीतच आहे."

त्यांनी आकडा सांगितला. मी उठून दारापर्यंत गेलो. मागून कोणी हाक मारली नाही. मी परत येऊन बसलो.