माझ्या नंबरवरचं गाणं

घर बेल्याला आणि मी शिकवतो ती शाळा जैनथला, म्हणून आठवडाभर मी खोलीवर राहतो. एकदा मोबाइल कंपनीचा रेकॉर्ड केलेला फोन आला. तो तोडायच्या घाईत कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि माझ्या नंबरवर एक तेलुगू सिनेमागाणं कॉलर ट्यून म्हणून बसलं. ती ट्यून ज्याची त्यालाच ऐकू येत नाही. बाकी सगळ्यांना वाटलं, ही गुरुजींची आवड. पालक हसायचे. मी स्टाफरूममध्ये शिरलो की कुणीतरी तेच गुणगुणायचं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भीमगीतं ऐकत वाढलो मी, आणि माझी आवड ही कंपनी ठरवणार?

शेवटी आदिलाबादला दुकानात जाऊन ती काढायला लावली. संध्याकाळी बेल्याहून बायकोचा फोन आला.

“गाणं काऊन काढलं जी? सारा गाव तेच वाजवून राह्यला. मले लय आवडते.”

दुसऱ्या दिवशी मी ते परत लावून घेतलं.

“आता फोन जरा उशिरा उचलत जा,” ती म्हणाली.

तेव्हापासून घरचा फोन वाजला की तो हातात धरून मी गप्प बसतो. तिचं कडवं संपेपर्यंत.