पाचवं पोतं

लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझे सासरे माझ्याशी एक वाक्य सरळ बोलले नव्हते. भांडण होतं म्हणता? छे! भांडण असतं तर मी त्यांना बोलायला लावलंच असतं, माझी जीभ काय कमी आहे का! ही मर्यादा होती. सून समोर असली की सासऱ्यानं बाजेवर बसायचं नाही, सुनेनं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. गावात आता ही रीत बरीच ढिली झालीय. आमच्या मामांची मात्र तसूभर हलली नव्हती.

मामा म्हणजे सासरेच. नाव कडूबा. केदारखेड्याच्या शिवारात आमचं शेत आहे आणि शेतातच पत्र्याचं घर. स्वतःच्याच घरात शिरण्याआधी मामा दाराबाहेर उभे राहून खाकरणार. मी पदर सावरला असेल एवढा वेळ थांबणार, मग आत येणार. चहा हवा असला तर माझ्या लेकीला सांगणार, "शिवकन्ये, तुझ्या आईला म्हण, च्या झाला का." मी तिथंच चुलीपाशी, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर! शिवकन्या शाळेत गेलेली असली तर निरोप बैलाला. गोठ्यातून आवाज यायचा, "पाखऱ्या, आज भाकर जल्दी भेटली तर बरं व्हईन." पाखऱ्या रवंथ करत बसायचा आणि मी भाकर थापायला घ्यायची.

माझं माहेर अंकुशनगरचं. वडील साखर कारखान्यात, आम्ही क्वार्टरात वाढलेलो. मी वडिलांच्या ताटात जेवलेली, त्यांच्याशी कडाकडा भांडलेली पोरगी. इथं आल्यावर पहिले सहा महिने मला वाटलं, या माणसाला मी नकोच होते. एकदा रडलेसुद्धा. तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं, त्यो मानूसच तसा लाजाळू हाय. माझ्यासंग बोलायला बी त्याह्यनं साल घालवलं व्हतं. तव्हा तर निरोपाला बैल बी नव्हता घरात!"

तर अशा या माणसानं आम्हा सगळ्यांसाठी वादळातला आसरा बांधला, त्याची ही गोष्ट.

चार उन्हाळ्यांमागं वैशाखात असं वादळ आलं की घरावरचे पत्रे कागदासारखे उडाले. मामा तेव्हा बाजाराला गेल्ते. नवरा, राधेश्याम, जालन्यात बियाणाच्या दुकानात कामाला. तो रोज गाडीवर जातो-येतो, तोही घरी नव्हता. आत्याबाईंनी शिवकन्येला पोटाशी धरलं आणि मी दोघींवर पडले. एका पत्र्यानं आत्याबाईंचा गुडघा फाडला. तेव्हापासून त्या लंगडतात. मामा पळत आले तेव्हा आभाळ निवळलं होतं. विहिरीत पडलेला पत्रा बघत उभे राहिले, आणि मग त्या रात्री जेवले नाहीत.

पुढच्या हंगामाआधी मामांनी रस्त्याच्या कामावरून एक भलामोठा सिमेंटचा पाइप मिळवला. पुलाखाली टाकतात तसला. एका कडेला तडकलेला, म्हणून कामवाल्यांनी बाजूला टाकून दिला होता. मामा रोज जाऊन त्यांच्यापाशी बसायचे. शेवटी त्यांनीच कंटाळून जेसीबीनं तो आमच्या बांधाला आणून ठेवला. वादळ येतं पश्चिमेकडून, म्हणून मामांनी पाइपाचं तोंड पूर्वेला केलं. मागची बाजू दगडमातीनं बुजवली, वारं खेळायला एक भोक ठेवलं. वरून मातीचा ढीग, ढिगावर घायपात. आत मुरूम टाकून चोपला, आत्याबाईंनी शेणानं सारवला.

शेजारचे अप्पाराव बांधावर उभे राहून दात काढायचे. "काय कडूबा, उंदरावानी बिळात राह्यला चालला का?"

"वादळात उंदीर न्हाई मरत, अप्पाराव," मामा म्हणायचे आणि पुन्हा माती ओढायला लागायचे. गोगलगाय अन् पोटात पाय!

आत पाण्याची कळशी, बॅटरी, मुरमुऱ्याचा डबा, आत्याबाईंच्या गुडघ्याचं तेल. पाय लांब करायला एक पाट. बसायला कडब्याच्या कुट्टीनं भरलेली पोती. पाडवा झाला की मामा सगळं बाहेर काढून उन्हात घालायचे, साप-विंचू बघायचे, तड्याला सिमेंट लावायचे. आणि मग तालीम! मामांनी थाळी वाजवली की हातातलं काम टाकून पळत सुटायचं आणि पाइपात जाऊन बसायचं. कधी वाजवतील याचा नेम नाही. मी घमेलं धुवत असो की न्हाणीत असो. एकदा तव्यावर भाकर असताना वाजवली. परत येऊन बघते तर भाकरीचा कोळसा. माझं डोकंच फिरलं.

"पाखऱ्या," मी गोठ्याकडं तोंड करून ओरडले, "तुझ्या मालकाला सांग, वादळानं न्हाई मेलो तर उपाशी मरू आम्ही!"

मग गोठ्यातून हळूच, "पाखऱ्या, ती जळकी भाकर मला वाढाय सांग. पोरीला न्हाई." आणि खाल्ली हो त्यांनी ती, कोळशासकट. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला. प्रत्येक तालमीला आम्ही आत बसायचो आणि मामा बाहेर उभे राहून आम्हाला मोजायचे. आत पोती होती चार. आत्याबाईंचं, माझं, शिवकन्येचं, राधेश्यामचं. मी आत्याबाईंना विचारलं, "मामांचं पोतं कुठंय?"

आत्याबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ते न्हाई बसायचे आत. गुडघ्याला गुडघा लागतो तिथं. सुनंजवळ कसं बसावं म्हणत्यात. म्हणले, मी भाईर पाखऱ्यापाशी बराय."

मला आधी हसू आलं, मग उमगलं. माणसानं स्वतःच्या हातानं आसरा केला, आणि त्यातून स्वतःला वगळलं. तेही माझ्यापायी! म्हणजे उद्या खरोखर वादळ आलं तर मी आत आहे म्हणून हा म्हातारा बाहेर मरणार. राधेश्यामला सांगितलं, तर तो म्हणतो, "बाबा कुनाचं ऐकत्यात का?" काय उपयोग आहे का या माणसाचा!

मग मीच एक पाचवं पोतं भरलं आणि पाइपाच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पोतं रिकामं, घडी घालून दावणीवर, आणि पाखऱ्या कुट्टी खाऊन राह्यलाय. मी पुन्हा भरलं. पुन्हा बैलाच्या पोटात. तिसऱ्यांदाही तेच. त्या उन्हाळ्यात पाखऱ्या चांगला गुबगुबीत झाला. शेवटी मला रागच आला. जाऊ दे म्हटलं, ज्याची त्याची हौस.

गेल्या वैशाखात वादळ आलं. दुपार कलली होती. शिवकन्या घरीच होती, राधेश्याम जालन्याला. पश्चिमेकडून सगळं आभाळ लाल-काळं होत आलं आणि वारा एकदम थांबला. थाळी वाजली. या वेळची थाळी वेगळी होती, मामा ती थांबवायचं नावच घेत नव्हते. मी आत्याबाईंना धरलं, शिवकन्या पुढं पळाली, आम्ही पाइपात शिरलो. मामांनी बाहेरून वाकून बघितलं. तिघी आहेत. मग ते गोठ्याकडं गेले, पाखऱ्याचं दावं सोडलं, आणि लोखंडी घमेलं डोक्यावर धरून पाइपाच्या तोंडाबाहेर ढिगाला टेकून उभे राहिले. राधेश्यामचं पोतं माझ्याशेजारी रिकामं होतं.

वारा सुटला. आधी धूळ, मग गारा. लिंबाएवढ्या! घमेल्यावर अशा वाजायला लागल्या की कानठळ्या बसाव्यात. घमेलं डोक्यावर, पण खांदे? हात? मला मामांचा उजवा हात दिसत होता. त्यावर गार बसली की बोटं उघडायची, पुन्हा घमेलं घट्ट धरायची.

"शिवकन्ये," मी म्हणाले, "आबाला म्हण, आत या!"

ती काय म्हणणार? आजीच्या पोटात तोंड खुपसून रडत होती पोर. आत्याबाईंनी हाक मारली, "आवो, या की आत!" तर बाहेरून नुसता हात हलला, न्हाई न्हाई. तेवढ्यात घराकडून धाडधाड आवाज सुरू झाला. छताचा एक पत्रा एका बाजूनं सुटला होता आणि उठून उठून आपटत होता. तो निघाला की वाऱ्यानं इकडंच येणार होता. आत्याबाईंनी तो आवाज ओळखला. त्यांनी स्वतःचा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि माझ्याकडं बघितलं.

मला आता निरोप द्यायला ना पोरगी होती, ना बैल. आठ वर्षांत पहिल्यांदा मी तोंड उघडलं.

"मामा! आत या!"

मामांनी दचकून बघितलं आणि मान फिरवली. पदर डोक्यावरून कधीच उडाला होता ना माझा.

मग मात्र मी उठले. चुलीत गेली ती मर्यादा! बाहेर पडले तशी पहिली गार दंडावर बसली, दुसरी कानावर. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी मामांचं मनगट धरलं. थंडगार, लाकडासारखं. त्यांनी हात सोडवायला बघितला.

"सोडनार न्हाई मी," मी ओरडले. "तुम्ही आत येईपस्तोर मी बी इथंच उभी राह्यते. बिलकुल हलनार न्हाई!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. सरळ, तोंडाकडं. घमेलं त्यांच्या डोक्यावरून निघालं आणि माझ्या डोक्यावर आलं. मग म्हातारा निमूट वाकला आणि माझ्या मागोमाग आत शिरला.

लगेचच तो पत्रा गरगरत, ढिगाला वळसा घालून आला. बाहेर काहीतरी जोरात फाटल्यासारखा आवाज झाला. नंतर बघितलं, मामा टेकून उभे होते तिथं ढिगात तो अर्धा रुतला होता. गुडघ्याला गुडघा लागून आम्ही चौघं बसलो होतो. मामांनी तोंड पाइपाच्या भिंतीकडं केलं होतं. त्यांच्या पाठीला सदरा चिकटला होता आणि खाली लाल वळ दिसत होते. मी पदर पिळून त्यांची पाठ टिपली. ते हलले नाहीत. बऱ्याच वेळानं, भिंतीकडंच बघत, ते म्हणाले, "लई लागलं का गं तुला?"

पहिल्यांदा मला कळलंच नाही की हे मला आहे. आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं, "तुला इचारून राह्यलेत!" आणि मग मला जे रडू फुटलं! दंड ठणकत होता म्हणून नाही. मी नुसती मान हलवत राहिले, आणि भिंतीकडं बघणाऱ्या माणसाला ती मान कशी दिसणार होती, देव जाणे.

तुम्हाला वाटेल, आता सगळं बदललं असेल. कसलं काय! दुसऱ्या दिवशी पत्रे गोळा करताना मामा म्हणतात, "शिवकन्ये, तुझ्या आईला म्हण, खिळे दे." पाखऱ्या वादळात ओढ्याकडं पळाला होता तो संध्याकाळी धडधाकट परतला, आणि त्याच्यामार्फतचे निरोपही पुन्हा सुरू झाले. मी म्हटलं, चला, एकदा विचारलं ना, पुष्कळ झालं. पावसाळा गेला, कापूस आला, गेला. त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं.

यंदा पाडव्यानंतर मामांनी पाइप झाडला, तड्याला सिमेंट लावलं, सगळं उन्हात घातलं. आणि एका सकाळी, नेमकी तव्यावर भाकर असताना, थाळी वाजली. मी चरफडत भाकर काढून ठेवली आणि पळाले. राधेश्यामला सुट्टी होती, तोही डोळे चोळत आला. आम्ही चौघं आपापल्या पोत्यावर बसलो. तेव्हा मला दिसलं, पाइपाच्या तोंडाशी एक पाचवं पोतं होतं. गच्च भरलेलं, आणि तोंड दाभणानं शिवून टाकलेलं, बैलाला खाता येऊ नये म्हणून.

बाहेर मामा खाकरले. मी पदर सावरला. ते वाकून आत आले, पोत्याकडं बघितलं. राधेश्याम असा ऐसपैस बसला होता की ते पोतं अर्धं त्याच्या आणि माझ्या पायाखाली दबलं होतं.

मामांनी शिवकन्येकडं बघितलं नाही. बाहेर उभ्या पाखऱ्याकडंही नाही.

"सुरेखा," ते म्हणाले, "सरक जराशी."

सरकायला जागाच नव्हती. तरी मी सरकले.