मी टाकलेला मेल

ट्रंक घ्यायला लेक, नवरा आणि मी असे आम्ही तिघं जयनगरला गेलो होतो. सैन्याच्या प्रशिक्षण केंद्राकडून आलेल्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं: काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नाव. दुकानातल्या रंगाऱ्यानं लेकीकडे एकदा बघितलं, ट्रंकेकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "मगनिगा, अक्का?" मुलासाठी का, असं त्याला म्हणायचं होतं. लेक हसून म्हणाली, "ननगे, अण्णा." माझ्यासाठी. तो ओशाळला आणि मग त्यानं तिचं नाव इतकं मन लावून रंगवलं, की आम्हाला तिथे तासभर उभं राहावं लागलं.

मला त्याचा राग आला होता. राग येणं हा माझा जोडधंदा आहे. मूळ धंदा दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा. मारतहळ्ळीच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासणारी टीम सांभाळते. चूक दिसली की मेल टाकायचा, दाद लागली नाही तर त्याच्या वरच्याला, तरी नाही तर त्याच्याही वरच्याला. वीस वर्षं मी याचाच पगार घेतेय. घरीही तेच. लेकीच्या स्कूलबसला उशीर झाला, मेल. सोसायटीत टँकरचं पाणी गढूळ आलं, मेल. कॉलेजात तिचे मार्क चुकले तेव्हा ती नको नको म्हणत असताना मी थेट प्राचार्यांना लिहिलं होतं. मार्क वाढले. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, पण मार्क वाढले.

सैन्यात जायचं तिनं स्वतः ठरवलं. मी तोंडानं कधीच नाही म्हटलं नाही. पाच दिवसांच्या मुलाखतीला गेली तेव्हा ती नापास व्हावी म्हणून मी देवापुढे हात जोडले होते, हे मात्र इथे लिहून टाकते. पत्र आलं तेव्हा मी मजल्यावर सगळ्यांना पेढे वाटले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

ती गेल्यावर घर खायला उठलं. नवरा पहाटे पाचला उठून सोसायटीला फेऱ्या मारायला लागला. ज्या माणसाला मी लग्नाच्या पंचवीस वर्षांत सातच्या आधी उठलेलं पाहिलं नव्हतं, तो म्हणाला, "ती आत्ता धावत असेल. मी निदान चालतो तरी." मी काय करत होते? मी केंद्राकडून आलेली सूचनांची फाइल मोबाइलवर पुन्हा पुन्हा उघडत होते. किती मोजे, किती पांढरे रुमाल, कुठल्या रंगाची बादली, सगळं मला पाठ झालं. शेवटच्या पानावर कार्यालयाचा मेलचा पत्ता होता. तोही पाठ झाला. तो कशाला पाठ करतेस, असं मी स्वतःला विचारलं नाही.

फोन रविवारी यायचा, दुपारी, जेमतेम दहा मिनिटं. पहिली पाच माझी. जेवलीस का, झोपतेस का, पायाला फोड आलेत का. तिचं एकच उत्तर असायचं, "सगळं मस्त, आई." उरलेली पाच तिच्या बाबांची.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी माझी पाच मिनिटं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि डाळीला फोडणी द्यायच्या आधी काहीतरी विचारायचं राहिलं म्हणून परत आले. नवऱ्याला एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे तो बाल्कनीत फोन स्पीकरवर टाकून बोलतो. लेकीचा आवाज वेगळाच होता.

"डावा खुबा, बाबा. धावताना जीव जातो. पण पंधराच दिवस राहिलेत टेस्टला. आत्ता डॉक्टरला दाखवलं तर मागच्या बॅचला टाकतील. टेस्ट झाली की दाखवते, नक्की." मग जरा थांबून म्हणाली, "आईला सांगू नकोस हं. ती मेल टाकेल."

मी तिथेच उभी राहिले. फोन बंद झाल्यावर नवऱ्यानं मागे वळून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"किती दिवस माहितीये तुला?" मी विचारलं.

"तीन आठवडे. तिनं विश्वासानं सांगितलंय गं."

"पोरगी लंगडी होईपर्यंत विश्वास जपत बसणार आहेस?"

"तिचं वय बावीस आहे. तिला ठरवू दे ना."

त्या दुपारी मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "पुढच्या रविवारपर्यंत थांब. मी तिला समजावतो. ती स्वतः जाऊन दाखवेल." मी हो म्हटलं.

सोमवारी सकाळी ऑफिसची कॅब सर्जापूर रोडवर अडकली. पुढे पाण्याचा टँकर आडवा झाला होता. ड्रायव्हर म्हणाला, "स्वल्प लेट होगा, मॅडम." मी लॅपटॉप मांडीवर उघडला. रस्ता मोकळा व्हायच्या आत मेल लिहून झाला होता. पत्ता शोधावा लागला नाही.

तिला तातडीनं तपासायला नेलं. खुब्याच्या हाडाला बारीक तडा होता. आणखी पंधरा दिवस धावली असती तर हाड मोडलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला फोनवर सांगितलं. ज्यांना ज्यांना कळलं त्यांनी माझं कौतुक केलं. आईला बरोबर कळतं, असं शेजारीण म्हणाली, आणि मी ते मान हलवून घेतलं.

लेकीला आजारपणाच्या सुट्टीवर घरी पाठवलं. ती तीन महिने घरात होती. वॉकर, मग काठी, मग काहीच नाही. फिजिओथेरपीचा एक दिवस तिनं चुकवला नाही. मेलबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तिला फक्त पुढच्या बॅचमध्ये परत जायचं होतं. ट्रंक तिनं हॉलमध्येच भरून ठेवली होती, आणि मी रोज तिच्यावरची धूळ पुसत होते. मनात मात्र दिवस मोजत होते.

मग मेडिकल बोर्ड झालं. सैन्याच्या डॉक्टरांनी आणि अधिकाऱ्यांनी तिला तपासलं, प्रश्न विचारले आणि सेवेसाठी अयोग्य ठरवलं.

ती परत आली त्या दिवशी तिनं चहा घेतला, कप विसळला आणि माझ्यासमोर येऊन बसली. "तो मेल दाखव."

मी फोन दिला. मेल इंग्रजीत होता, माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत, चोख. वरच्या तीन ओळींत दुखणं, कधीपासून, कुठे. त्याखाली तपासणीची विनंती. एवढ्यावर माझं काम झालेलं होतं. पण टँकर अजून हलला नव्हता आणि मी आणखी एक ओळ लिहिली होती. मराठीत सांगायचं तर अशी: तिला कायमचं घरी पाठवावं असं आपल्याला वाटलं, तर आम्हा आईवडिलांची त्याला हरकत नाही, उलट तशीच इच्छा आहे. ही ओळ तिच्या बाबांना मी कधी दाखवली नव्हती. लेक वाचत असताना तो शेजारीच उभा होता.

तिनं मेल दोनदा वाचला.

"बोर्डात एका सरांनी विचारलं, घरच्यांचं काय म्हणणं आहे," ती म्हणाली. "मी सांगितलं, आई-बाबा पूर्ण माझ्या बाजूनं आहेत. त्यांनी समोरच्या फाइलमध्ये बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलले."

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि ट्रंक उघडून एकेक कपडा बाहेर काढायला लागली. मी मदतीला वाकले, तर म्हणाली, "राहू दे, आई. बाबा करेल."