भाऊजींनी घरी सजवलेलं मीटर

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला गोदामातले लोक 'पंचनामा' म्हणतात. फाटकातून आतबाहेर जाणारा माल तपासायचा, हे त्यांचं काम, आणि त्या कामाला असा दुसरा माणूस मिळायचा नाही. खोक्याला सील असेल तर विचारतील, का लावलं? नसेल तर, का नाही लावलं? तिथं या स्वभावाचा पगार मिळतो. घरी तोच स्वभाव फुकटात मिळतो, तो आम्ही भोगतो. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि दोन्ही वेळचं जेवण बहिणीकडंच करते, त्यामुळं पुढचं सगळं डोळ्यांदेखतचं आहे.

त्यांची गाडी जुनी. डॅशबोर्डावरच्या तबकड्या पिवळ्या पडल्या होत्या, अंधारात आकडे दिसत नसत. भाऊजींना पांढऱ्या तबकड्या, नारिंगी काटे आणि मागून निळा उजेड हवा होता. एवढा एकच शौक त्या माणसानं आयुष्यात केला असेल, म्हणून मीही म्हटलं, टाका की दुकानात.

"दुकानात? आणि त्यांनी आतला चांगला माल काढून भंगार बसवलं तर? मी काय दूधखुळा आहे?"

म्हणून सुट्टीच्या सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि त्या तबकड्यांचं अख्खं मीटर गाडीतून उपटून घरात आणलं. तबकड्या फोटोच्या दुकानातून चिकट कागदावर छापून आणलेल्या. काट्यांना रंग म्हणून बहिणीची नेलपॉलिश, तीही न विचारता उचललेली. निळे दिवे शोभेच्या जुन्या माळेतले. काटे उपटायला दोन चमचे घेतले, खाली कापडाची घडी ठेवून, म्हणजे ओरखडा नको. हात मात्र सुरेख, हे मला कबूल करावंच लागेल. कात्रीनं कागद असा कापत होते की बहीणसुद्धा पाहत उभी राहिली.

मोबाइलवर एक माणूस हे सगळं कसं करायचं ते दाखवत होता. तो म्हणाला, काटा काढण्याआधी मीटर जोडलेलं असतानाच किल्ली फिरवा, काटा कुठं थांबतो तिथं चिकटपट्टीची खूण करा आणि मगच उपटा. भाऊजींनी तिथंच व्हिडिओ थांबवला.

"बघ हं डाव. वायरी जोडलेल्या ठेवून किल्ली फिरवायची, आपलं मीटर जाळून घ्यायचं आणि मग त्याच्याकडूनच नवं मागवायचं. हा विकतो सगळं. खाली पत्ता दिलाय बघ."

खूण केली नाही. काटे पुन्हा बसवताना एक डोळा मिटून अंदाजानं बसवले. संध्याकाळी आम्हाला खाली नेऊन गाडीचे दिवे लावून दाखवले. निळा उजेड छान पडला होता. इंजिन चालू केलं नाही, उगाच पेट्रोल कशाला जाळायचं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी माझ्या भाचीनं, त्यांच्याच मुलीनं, नेली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. पहाटेच्या पाळीची सगळी जबाबदारी नुकतीच तिच्यावर टाकली होती, आणि त्या वेळी बस नसते. गाडी होती म्हणून तिनं ती पाळी घेतली. पोरगी घरात नुसती उड्या मारत होती.

ती परत आली आणि भाऊजींनी पेट्रोलचा काटा पाहिला. त्यांच्या हिशेबानं अर्धी टाकी होती. काटा पाव टाकीच्याही खाली.

झालं. किलोमीटरचा आकडा पाहिला तर तो घर ते लॅब आणि परत, एवढाच. दुसरा कुणी असता तर शांत झाला असता. भाऊजी म्हणाले, "म्हणजे गाडी कुठं गेली नाही. पेट्रोल गेलं." लॅबमध्ये नमुन्यांचे डबे पोचवणारा मोटारसायकलवाला मुलगा आहे, तो भाचीला कधीतरी फोन करतो. एवढ्या सुतावरून यांनी स्वर्ग गाठला. टाकीच्या झाकणाखाली धागा अडकवून ठेवला. धागा जागेवर सापडला, तर म्हणाले, पोरगी हुशार आहे, धागा परत लावला असणार. मी म्हटलं, "भाऊजी, काटा तुम्ही हातानं बसवलाय, तो एकदा तपासा." तर माझ्याकडंच असं पाहिलं, जणू नळी लावून पेट्रोल मीच ओढलंय!

शेवटी एका जेवणाच्या वेळी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"त्या पोराच्या गाडीत किती घालतेस रोज?"

भाचीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं हात धुतले, गाडीची किल्ली आणून त्यांच्या वाटीशेजारी ठेवली. रडली नाही, भांडली नाही. बहीण मात्र भांडली, पण भाऊजींनी किल्ली खिशात घातली होती. आठवडा संपायच्या आत भाचीनं लॅबजवळ दुसऱ्या दोघींबरोबर खोली घेतली. पाळी सोडायची नव्हती तिला. बहीण गादी बांधत होती आणि मला भाऊजींचा इतका राग आला होता की मी त्या दिवशी खाली जेवले नाही.

गाडी आता फक्त भाऊजी चालवत, आणि पेट्रोल तरीही कमीच. मग शेजाऱ्यावर पाळत सुरू झाली. त्याला रंगेहाथ पकडायचं, टाकी काठोकाठ असली की थोडं गेलं तरी कळेल म्हणून, जन्मात कधी टाकी न भरणारा हा माणूस मला साक्षीदार घेऊन पंपावर गेला आणि म्हणाला, गच्च भर.

पंपवाला भरून थांबला. भाऊजींनी किल्ली फिरवली. काटा पाऊण टाकीवर.

"माप मारतोस? अजून जागा आहे!"

"साहेब, उतरून बघा."

उतरले. पेट्रोल टाकीच्या तोंडाशी हलत होतं. भाऊजी परत येऊन बसले, पुन्हा किल्ली फिरवली. पाऊण. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. त्यांचा चेहरा पार उतरला.

तिथूनच आम्ही थेट भाचीच्या खोलीवर गेलो. जिन्यात ते दोनदा थांबले. आत जाऊन उभ्याउभ्याच म्हणाले, "काटा मीच चुकीचा बसवला होता. तुझी काही चूक नव्हती. ही घे किल्ली, घरी चल." मी त्या माणसाला इतकं सरळ बोलताना प्रथमच ऐकलं.

भाचीनं त्यांना खुर्ची दिली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

"बाबा," ती म्हणाली, "काटा बरोबर असता आणि पेट्रोल खरंच कमी झालं असतं, तर?"

उत्तर तिघांनाही ठाऊक होतं. तिनं त्यांच्या हातातली किल्ली त्यांच्याच शर्टाच्या खिशात परत टाकली आणि चहा ठेवायला वळली.