गुणिले ऐंशी

बेकरीत सगळे त्याला ‘गुणिले ऐंशी’ म्हणायचे, कारण परदेशात आठ वर्षं राहूनही या गृहस्थाने एकही वस्तू इथल्या किमतीत पाहिली नव्हती. चहा तीनला मिळतो, म्हणजे आपले दोनशे चाळीस रुपये! झालं, तो घरूनच थर्मास भरून आणायचा. केस स्वतःच कापायचा आणि ते कापलेले लगेच कळायचे. कोपऱ्यावरच्या पैसे बदलून देणाऱ्या दुकानाच्या फलकाकडे पाहिल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. तिथला दर चार पैशांनी उतरला की दिवसभर चेहरा पडलेला. पगाराच्या दिवशी खिडकीतली बाई त्याला लांबून बघूनच दर सांगून टाकायची.

अशात बायको पहिल्यांदाच महिनाभरासाठी आली, तीही पातळ स्वेटर घालून, ऐन थंडीत. तिला कोट घ्यायचाच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं, आणि दुकानात तोंडातून हिशोब काढायचा नाही, हेही. तिने एक राखाडी कोट अंगावर चढवला. छान दिसत होता. किमतीची चिठ्ठी नव्वदची होती. त्याचे ओठ मात्र हललेच. सात हजार दोनशे.

बायकोने ते पाहिलं आणि कोट उतरवायला घेतला. तो ओशाळला. राहू दे, सवय आहे नुसती, म्हणाला.

“तुम्हालाच आहे होय सवय?” ती म्हणाली. “तुम्ही गुणता, मी तिकडे भागत बसते. फ्रिज घ्यायला दोन वर्षं का लागली? फ्रिज म्हणजे तुम्ही भट्टीपुढे पंचवीस तास उभे. हा कोट नऊ तासांचा आहे. नको मला.”

काटकसर करणारे आपण एकटेच, असा त्याचा आठ वर्षांचा तोरा होता. तो तिच्याकडे न बघता सरळ गल्ल्यावर गेला आणि नव्वद मोजून आला.

परतताना कोपऱ्यावर त्याने मान वर केली नाही. बायकोने मात्र थांबून फलक नीट वाचला.

“दर चढलाय,” ती म्हणाली.

“मग कोट महाग पडला की स्वस्त?”

दोघंही फुटपाथवर उभी राहून ओठ हलवायला लागली. शेवटी तिनेच नाद सोडला.

“चढो नाहीतर उतरो, नऊ तास ते नऊच,” असं म्हणून तिने कोटाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली.