मारकीनचं घर

जळगाव जामोदच्या स्टँडवर नांदुऱ्याची गाडी लागली होती. आई माझ्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कोंबत होती. बाबा खिडकीखाली उभे राहून, कंडक्टरलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "घाबरू नको बाई. तिकडं आपलं माणूस हाये."

मी अमेरिकेला निघाले होते. नवरा आधीच तिथे गेला होता, पण बाबांच्या लेखी जावई वेगळा आणि आपलं माणूस वेगळं. आपलं माणूस म्हणजे बाबांच्या खापरपणजोबांचे वडील.

गावात आमच्या घराला मारकीनचं घर म्हणतात. आडनाव सांगितलं तर कोणी पत्ता दाखवणार नाही. बाबांच्या मते मारकीन म्हणजे अमेरिकन. इंग्रजांच्या काळात कपाशीचं नवं बी घेऊन एक अमेरिकन साहेब वऱ्हाडात आला, इथल्या बाईशी संसार केला, मुलगा झाला, आणि साहेब परत गेला. म्हणजे त्याचा गोतावळा तिकडे असणारच. पुरावा म्हणून ते आत्याचे घारे डोळे दाखवायचे. आत्या म्हणायची, "माह्ये डोये राहू दे, तुह्यं डोस्कं दाखव कोनाले तरी."

ओहायोतल्या पहिल्या हिवाळ्यात मला त्या साहेबाचा आधार वाटला, हे खरं आहे. गाडी बर्फात रुतली की वाटायचं, इथेच कुठेतरी घाऱ्या डोळ्यांचे आपले चुलत लोक राहत असतील. पुढे इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन हिंदुस्थानात गेलेल्या जुन्या अमेरिकनांचा शोध घेऊ लागले. कपाशीचे जाणकार, पाद्री, व्यापारी. त्यांच्या बायका, मुलं, थडगी, सगळं सापडायचं. वऱ्हाडात मागे राहिलेला मुलगा मात्र कोणाच्याच नावावर नव्हता. एकदा एका थडग्यापर्यंत गाडी चालवत गेले, फुलं ठेवली, आणि घरी येऊन वाचलं की तो गृहस्थ मद्रासच्या पुढे कधी आलाच नव्हता.

रविवारी फोन केला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सापडला का तो?"

शेवटी मी नळीत थुंकी पाठवून डीएनए चाचणी केली. तिच्यात अमेरिका नव्हती, युरोपही नव्हता. बाबा हसले. "थुकीत कुठं माणूस सापडते काय?" मी लॅबवाली, मला चाचणीचा अर्थ कळत होता. पण मलाही तो मान्य करायचा नव्हता.

मग शेजारी कानपूरकडच्या एक वयस्क बाई राहायला आल्या. पनीर गाळायला फडकं मागायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "पुरानी मारकीन का टुकड़ा होगा?"

मी त्यांना बसवूनच घेतलं. मारकीन म्हणजे जाडंभरडं कोरं कापड. पूर्वी अमेरिकेहून यायचं, म्हणून ते नाव. आपण मांजरपाट म्हणतो तसलंच. त्या गेल्यावर मी आत्याला फोन लावला. "हाव," ती म्हणाली, "आपला थो जुना बुढा गाठोडं पाठीवर घेऊन बाजारोबाजारी कापड इके म्हंतात. मले कोनी इचारलंच नाही."

म्हणजे नाव अमेरिकेचंच होतं. माणूस आमचाच होता, जळगावचा.

बाबांना सांगावं का, याचा मी आठवडाभर विचार केला. त्यांची तब्येत तोवर खालावली होती. पण मी कोणाचा रिपोर्ट आजवर दाबून ठेवलेला नाही, म्हणून सांगितलं.  पंख्याच्या घरघरीतून ते म्हणाले, "मंग तू तिकडं इतके वर्सं कोनाच्या भरवशावर राहून राह्यली, बाई?"

मी त्यांना औषधांची आठवण करून दिली आणि फोन ठेवला.

त्यानंतर बाबांनी साहेबाचं नाव काढलं नाही. दर रविवारी प्रश्न एकच असायचा, "दार नीट लावलं का?" इथे दार आपोआप कुलूपबंद होतं, हे मी त्यांना अनेकदा समजावलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मुलीला परक्या देशात आपल्या माणसाविना ठेवलंय, हे त्यांना एवढ्या उशिरा कळलं होतं, आणि ते मीच कळवलं होतं. ते गेले तेव्हा मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आई तर त्याआधीच गेली होती.

यंदा मी एकटीच गावी गेले. स्टँडवर रिक्षावाल्याला म्हटलं, "मारकीनचं घर."

"थे अमेरिकेतल्या बाईचं ना? थे तं बंदच राह्यते."

तो जन्मला त्याच्या कितीतरी आधीपासून घराचं हे नाव आहे, हे त्याला सांगता आलं असतं. पण बाबांचा शब्द आता कुठे खरा झाला होता. गावाला अखेर त्या घरातलं अमेरिकेचं माणूस सापडलं होतं.

"हो," मी म्हणाले, "तेच."

त्याने घरासमोर उतरवलं. कुलूप गंजलं होतं, उघडायला वेळ लागला. आत गेले, बॅग ठेवली. पंखा लावून पाहिला, वीज तोडलेली होती. मग मागे वळले आणि आधी दाराची कडी नीट लावली.