बाबांच्या अंगठ्याखालचा ळ

मंडळी, आज आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरी एका अक्षरानं धमाल उडवली.

बाबा मराठीचे निवृत्त शिक्षक. लकव्यानंतर त्यांचा उजवा हात नीट चालत नाही. आठ महिन्यांत त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती. म्हणून मी दोन तुकड्यांचा छोटा कीबोर्ड आणला. त्यात कुठल्या बटणावर कुठलं अक्षर, ते आपणच ठरवायचं. आठवडाभर खपून मी नेहमीची अक्षरं डाव्या तुकड्यावर बसवली आणि कमी लागणारी उजवीकडे टाकली.

आज सकाळी बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, ळ उजवीकडे? मग तुझ्या आईचं नाव कसं लिहू?"

आईचं नाव कमळा! मला हसूच फुटलं. लगेच बसून ळ त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली आणला.

मग बाबांनी एकेक बटण दाबत लिहिलं, "कमळा, चहा ठेव."

मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात पळाले. आई वाचून म्हणाली, "बोलले असते तर आत्तापर्यंत चहा झालापण असता ना!" पण गॅस पेटवायचा सोडून तिनं ती ओळ अजून दोनदा वाचली.

तुम्ही कुणासाठी कीबोर्ड मांडलात, तर अंगठ्याखाली कुठलं अक्षर ठेवाल?